सर्व्हर नवीन टाकण्याआधी स्क्रीनवरची ओळ वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये एकच काम चालू आहे, जुनी इमेज (म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट अख्ख्या डिस्कची तयार नक्कल) काढा आणि विंडोज ११ टाका. मी इंदूरमध्ये कॉलेजांच्या आणि कोचिंगवाल्यांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळते, राऊपासून सांवेर रोडपर्यंत कुठेही, त्यामुळे सध्या येणारे फोन बहुतेक ह्याचेच असतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, सर्व्हर बैठ गया." आणि लगेच दुसरं, "उबंटू नया डाल के फॉग फिर से इन्स्टॉल कर दें क्या?" फॉग म्हणजे नेटवर्कवरून लॅबच्या मशीनवर इमेज टाकणारं सॉफ्टवेअर, ते उबंटू लिनक्सच्या सर्व्हरवर चालतं.

नका करू हो. खरंच नका करू. नवीन इन्स्टॉल करण्यात अख्खा दिवस जातो, जुन्या होस्टची, म्हणजे लॅबमधल्या मशीनची, नोंदणी जाते, कधीकधी इमेजही जाते, आणि संध्याकाळी मशीन पुन्हा तिथेच अडकतं, कारण प्रॉब्लेम सर्व्हरमध्ये नव्हताच. मधल्या मधे पोरांचं प्रॅक्टिकल बुडतं आणि लॅब असिस्टंटला विनाकारण बोलणी बसतात, ह्याचा मला फार त्रास होतो म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय.

नेटवर्कवरून इमेज टाकणं हे एक काम वाटतं पण आत ते हातोहात चालतं. नेटवर्क कार्डमधला पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, आधी डीएचसीपीला, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्याला, आयपी मागतो, सोबत बूट फाइलचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता मागतो, मग टीएफटीपीवरून, म्हणजे फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने, ती छोटी फाइल आणतो, ती फाइल म्हणजे आयपीएक्सई, पुढचं बूट सांभाळणारा प्रोग्राम, ती पुन्हा आयपी मागते, मेनू आणते, लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आणते, कर्नल उठल्यावर तोही पुन्हा आयपी मागतो आणि मग एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून, इमेज येऊन पार्टक्लोन नावाचं टूल ती डिस्कवर लिहितं. म्हणजे डीएचसीपी एकदा नाही, तीनदा होतं! हे डोक्यात बसलं की अर्ध्या केसेस फोनवरच सुटतात, कारण "आयपी तर मिळाला होता" हे वाक्य पुरेसं नाही, तीनपैकी कुठल्या वेळेला मिळाला आणि कुठल्या वेळेला नाही ते सांगा.

म्हणून मी आधी स्क्रीनचा फोटो मागते. पीएक्सईचं २.१ स्पेसिफिकेशन १९९९ सालचं आहे, पण त्यातले एरर कोड आजही सरळ बोलतात. पीएक्सई-ई६१ आला तर केबल किंवा पोर्ट, पुढे काही विचारच करू नका. ई५१ म्हणजे डीएचसीपीची ऑफरच आली नाही. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव कोणी दिलं नाही. ई३२ म्हणजे नाव, पत्ता सगळं मिळालं, टीएफटीपीचं दार मात्र उघडलं नाही. यूईएफआयवाल्या (जुन्या बायॉसच्या जागी आलेलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) नव्या मशीनवर आकडे बदलतात, ऑफर नाही आली तर ई१६ येतो, पण बोलणं तेच.

आता ई५३ घ्या, हा आमच्याकडे सगळ्यात जास्त. बहुतेक कॉलेजांत डीएचसीपी फायरवॉलच्या डब्यावर असतो आणि त्याला हात लावायची परवानगी लॅबवाल्यांना नसते, मग फॉगच्या सर्व्हरवरच डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी आणि डीएनएस प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये लावतात, म्हणजे आयपी फायरवॉल देईल आणि बूट फाइलचं तेवढं आम्ही सांगू. चांगली पद्धत आहे, मी स्वतः हीच लावते. पण उबंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्ह (नावावरून आयपी शोधणारा, म्हणजे डीएनएसचा, उबंटूचा प्रोग्राम) ५३ नंबरचा पोर्ट आधीच धरून बसलेला असतो, डीएनएसमास्कलाही डीएनएससाठी तोच हवा असतो, तो मिळाला नाही की डीएनएसमास्क गुपचूप उठतच नाही आणि लॅबमध्ये सगळीकडे ई५३. उपाय एका ओळीचा आहे, कॉन्फिगमध्ये पोर्ट शून्य लिहा, म्हणजे तो डीएनएसचं काम सोडतो आणि फक्त बूटचं बघतो. अशा केसमध्ये सर्व्हर नवीन टाकला तर तोच पोर्ट, तेच भांडण पुन्हा.

दुसरा प्रकार, आयपी मिळाला पण भलत्याच रेंजचा. कोणीतरी स्टाफरूममध्ये वायफायसाठी घरचा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात कॉलेजची केबल खुपसलेली असते, तो राउटरही डीएचसीपी वाटत बसतो. मग काही मशीन बूट होतात, काही नाही, आणि तीच मशीन सकाळी होतात दुपारी नाही. असं अनियमित वागणं दिसलं की सर्व्हरकडे बघूच नका, नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी शोधा. आयपीएक्सई वर आला आणि टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता टाका असं तुम्हालाच विचारत थांबला, तरी संशय इथेच घ्यायचा, दुसऱ्या वेळेला आयपी दिला कोणी आणि सोबत बूट सर्व्हरचा पत्ता का नाही दिला.

शोधायचं कसं? लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवर पाडलेल्या त्याच वेगळ्या नेटवर्कमधल्या) कुठल्याही पोर्टला लॅपटॉप लावा, फिल्टरमध्ये डीएचसीपी लिहा आणि मशीन चालू करा. डिस्कव्हर, म्हणजे मशीनची आयपीची पहिली हाक, ब्रॉडकास्ट असतो त्यामुळे तो सगळ्यांना दिसतो, आणि पीएक्सईवाल्याला ऑफरही बहुतेक ब्रॉडकास्टनेच येतात. दोन ठिकाणाहून आयपीची ऑफर आली की चोर सापडला. सर्व्हरवर टीसीपीडंप लावून ६७, ६८, ६९ आणि ४०११ हे पोर्ट बघत बसलं तरी चालतं. डिस्कव्हर लॅपटॉपला दिसतो पण सर्व्हरपर्यंत येतच नाही तर समजायचं की सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहे आणि मधल्या राउटरवर किंवा लेयर थ्री स्विचवर डीएचसीपी रिले, म्हणजे ती हाक पुढे पोचवणारा, लावलेला नाही. पॅकेट खोटं बोलत नाही, माणसांना "सगळं तर बरोबर आहे" म्हणायची सवय असते.

ई३२ ला बहुतेक वेळा फायरवॉल. लोक ६९ उघडतात आणि सोडून देतात, पण टीएफटीपीत ६९ वर फक्त मागणी येते, फाइल मात्र सर्व्हर दुसऱ्याच वरच्या नंबरच्या पोर्टवरून पाठवतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, विंडोज लॅपटॉपवरून टीएफटीपी क्लायंटने फाइल ओढून बघायची टेस्ट सगळेच सांगतात पण लॅपटॉपची स्वतःची फायरवॉल उत्तर अडवते आणि टेस्ट फेल दिसते, सर्व्हर ठणठणीत असतानासुद्धा. आधी ती तेवढ्यापुरती बंद करा, मग निष्कर्ष काढा.

फाइल आली, आणि तरी मशीन काळी स्क्रीन दाखवून परत बायॉसमध्ये. ही जुन्या-नव्या मशीन एकत्र असलेल्या लॅबची गोष्ट. जुन्या बायॉसवाल्यांना अनडायओन्ली डॉट केपीएक्सई लागते, यूईएफआयवाल्यांना आयपीएक्सई डॉट ईएफआय किंवा एसएनपीओन्ली डॉट ईएफआय. डीएचसीपीच्या ऑप्शन ६७ मध्ये, म्हणजे बूट फाइलच्या नावाच्या जागी, एकच नाव लिहून ठेवलं की अर्धी लॅब चालते आणि अर्धी नाही. मशीन आपली जात ऑप्शन ९३ मध्ये सांगत असतं, शून्य म्हणजे बायॉस, ७ किंवा ९ आला तर ६४ बिट यूईएफआय, त्यावरून फाइल वाटायची सोय डीएनएसमास्कमध्ये पण आहे आणि लिनक्सच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये पण. आणि सिक्युअर बूट! फॉगसोबत येणाऱ्या आयपीएक्सईवर मायक्रोसॉफ्टची सही नसते त्यामुळे सिक्युअर बूट चालू असलं की मशीन फाइल आणून नाकारतं. इमेज टाकताना बंद करा आणि नंतर आठवणीने परत चालू करा, बरेच जण हे नंतरचं विसरतात.

आता ती केस जिच्यात लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. पहिलं डीएचसीपी व्यवस्थित होतं, फाइल येते, आयपीएक्सईचं नाव स्क्रीनवर दिसतं, आणि मग तो आयपी मागत मागत दमतो. किंवा कर्नल उठून दमतो. सगळे म्हणतात आयपीएक्सईची फाइल खराब आहे, नवीन डाउनलोड करा, कर्नल बदला. पण होतं असं की प्रत्येक टप्प्यावर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नव्याने चालू होतो, लिंक क्षणभर पडते आणि उठते, आणि मॅनेज्ड स्विचवर (ज्याची सेटिंग बदलता येते असा) जर स्पॅनिंग ट्री चालू असेल तर स्विच त्या पोर्टला म्हणतो थांब, आधी मी बघतो इथे लूप तर नाही. १५ सेकंद ऐकणार, १५ सेकंद शिकणार, म्हणजे ३० सेकंद पोर्ट बंद. तेवढ्यात आयपीएक्सई कंटाळून हात वर करतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघायची सेटिंग, लावलं, काही कंपन्यांच्या स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात, की लगेच चालतं.

स्विचचा पासवर्ड आपल्याकडे नसतो हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या बॅगेत सिल्वर मॉलमधून घेतलेला ५ पोर्टचा साधा स्विच कायम असतो. मशीन आणि भिंतीतला पोर्ट ह्यांच्या मध्ये तो लावायचा. मशीनची लिंक पडली तरी छोट्या स्विचची मोठ्या स्विचशी असलेली लिंक पडत नाही, त्यामुळे मोठ्याला काही कळतच नाही आणि तो पोर्ट चालू ठेवतो. छोटा स्विच लावल्यावर मशीन झटकन बूट झालं की दुखणं कळलं, आणि नेटवर्कवाल्या साहेबांना दाखवायला पुरावाही झाला. नाहीतर ते ऐकत नाहीत हो, खासकरून बाईमाणूस स्विचबद्दल बोलत असेल तर.

एवढं पार करून पार्टक्लोनपर्यंत पोचलात आणि तिथे डिस्कच दिसत नाही, तर बायॉसमध्ये जा. ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल मशीनवर व्हीएमडी (इंटेलचा डिस्क सांभाळणारा मोड) चालू असतं, त्याच्या आडून लिनक्सला कधीकधी एनव्हीएमई डिस्क दिसत नाही. ते बंद करून एएचसीआयवर आणा, पण मास्टर मशीनवर विंडोज टाकायच्या आधी, नाहीतर ते विंडोजच उठणार नाही.

डिस्क दिसते पण इमेज घेताना एरर, तर दोन गोष्टी बघा. एक हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप. विंडोज शटडाउन केलं असं आपल्याला वाटतं, खरं ते अर्धवट झोपलेलं असतं आणि एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टम, उघडंच राहतं, लिनक्सवालं टूल त्याला हात लावायला नकार देतं, आणि बरोबर करतं. पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेट बंद करा, मग शटडाउन. दुसरी गोष्ट नवी आहे आणि ह्या वर्षी तिने बऱ्याच लोकांना रडवलंय, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉलवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप लागतं, आणि लोकल अकाउंट असलं तरी डिस्क आतून एन्क्रिप्ट होऊन बसते, फक्त प्रोटेक्शन ऑफ दाखवते. आपण म्हणतो बिटलॉकर तर बंद आहे. मॅनेज-बीडीई कमांडने स्टेटस बघा, तिथे १०० टक्के एन्क्रिप्टेड लिहिलेलं सापडेल. आधी डिक्रिप्ट करा, पूर्ण शून्यावर येऊ द्या, मग इमेज घ्या. नाहीतर पार्टक्लोनला त्यात एनटीएफएस ओळखूच येत नाही.

एक अजून, इमेज पूर्ण घेतली, १०० टक्के झालं, आणि शेवटच्या क्षणाला एरर. इथे लोक रडकुंडीला येतात आणि सगळं पहिल्यापासून करतात. थांबा! फॉग इमेज घेताना आधी इमेजेसच्या आतल्या डेव्ह फोल्डरमध्ये लिहितो, मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डच्या नंबरच्या) नावाने, आणि शेवटी एफटीपीने ते फोल्डर बाहेर हलवतो. ह्या एफटीपीसाठी सर्व्हरवर फॉगप्रोजेक्ट नावाचा युजर असतो, तो फॉग स्वतःसाठी बनवतो. कोणीतरी त्या युजरचा पासवर्ड बदलला, बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच, की हलवणं फसतं. तुमची इमेज गेलेली नाही, डेव्हमध्ये शाबूत आहे, हाताने बाहेर हलवून नाव बदलता येतं. आणि पासवर्ड चारही ठिकाणी एकच करा: लिनक्समध्ये, वेब पॅनलमधल्या स्टोरेज नोडमध्ये (इमेज ठेवायच्या जागेच्या सेटिंगमध्ये), तिथल्याच फॉग सेटिंग्जच्या टीएफटीपी सर्व्हर भागात, आणि ऑप्टमधल्या फॉगसेटिंग्जच्या फाइलमध्ये.

आता मल्टिकास्ट, माझा आवडता विषय, कारण लॅबचा खरा वेळ इथेच वाचतो किंवा जातो. हिशोब बघा. इमेज २५ जीबीची आणि मशीन ३०. गिगाबिट नेटवर्कवर सर्व्हरमधून सेकंदाला जेमतेम ११० एमबी बाहेर पडतात. एकेकाला वेगळी इमेज द्यायची म्हणजे ७५० जीबी, जवळपास दोन तास तारेवरच गेले, आणि फॉगच्या स्टोरेज नोडवर एका वेळी १० क्लायंटची मर्यादा आधीपासून असते त्यामुळे अकरावं मशीन रांगेत उभं राहतं, ते बघून पण लोक म्हणतात सर्व्हर बसला. मल्टिकास्टमध्ये तेच २५ जीबी एकदाच सुटतात आणि सगळे एकदम घेतात, डिस्क चांगल्या असतील तर चहा होईपर्यंत लॅब तयार.

पण मल्टिकास्ट म्हणजे लग्नाची पंगत आहे, शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पुढचा पदार्थ येत नाही. सगळ्यात हळू मशीनच्या वेगाने सगळी लॅब चालते. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे एका केबलच्या बाकीच्या दोनपैकी एक जोडी जरी तुटली असेल, उंदराने म्हणा किंवा टेबल सरकवताना म्हणा, तरी ते मशीन गुपचूप १०० वर उतरतं, इंटरनेट छान चालतं, कोणाला काही कळत नाही, आणि इमेज टाकायच्या दिवशी त्याच २५ जीबीला सगळ्यांनाच ३६ मिनिटं लागतात. मागच्या रंगपंचमीला सगळं शहर राजवाड्याकडे गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेलं होतं, लॅब रिकामी म्हणून आम्ही एका कॉलेजात इमेज टाकत होतो आणि नेमकं हेच झालं, वेग वर जाईना. स्विचच्या मागे जाऊन दिव्यांचे रंग बघितले तर एकच पोर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा. त्या मशीनची पॅच कॉर्ड बदलली आणि वेग आला. तिथल्या असिस्टंटने तोवर सर्व्हरमध्ये एसएसडी टाकायचं कोटेशन मागवून ठेवलं होतं.

मल्टिकास्ट सुरूच होत नाही, सगळी मशीन पार्टक्लोनच्या निळ्या स्क्रीनवर थांबलीत, तर दोन जागा. स्टोरेज नोडमध्ये इंटरफेसचं नाव, सर्व्हरचं कार्ड बदललं की ईटीएच० चं काहीतरी ईएनपी३एस० होतं पण पॅनलमध्ये जुनंच राहतं. आणि स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणाला हवं ते ऐकून लक्षात ठेवणं) चालू आहे पण त्या व्हीलॅनमध्ये क्वेरियर, म्हणजे ते पुन्हा पुन्हा विचारणारा, कोणीच नाही, मग थोड्या वेळाने स्विच मल्टिकास्ट कोणाला द्यायचं तेच विसरतो. क्वेरियर लावा. मधे साधे स्विच असतील तर उलट होतं, मल्टिकास्ट सगळ्याच पोर्टवर सांडतं आणि शेजारच्या ऑफिसचं नेट रेंगाळतं, म्हणून मी ते काम शक्यतो ऑफिस सुटल्यावर लावते.

डब्ल्यूडीएस, म्हणजे नेटवर्कवरून विंडोज टाकायची मायक्रोसॉफ्टची सोय, वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. विंडोज ११ च्या डीव्हीडीतली बूट डॉट विम घेऊन थेट डब्ल्यूडीएसचा सेटअप चालवायची वाट मायक्रोसॉफ्टनेच बंद केलीय, ते तुमच्या सर्व्हरचं बिघडलेलं नाही, त्यामुळे तिथे रात्री घालवू नका. आणि बूट फाइल उतरता उतरता मधेच तुटत असेल तर डब्ल्यूडीएसच्या टीएफटीपी टॅबमधलं व्हेरिएबल विंडो एक्स्टेन्शन काढून बघा, मार्च २०१९ च्या अपडेटनंतर ह्यामुळेच जगभर पीएक्सई बंद पडले होते.

लॅपटॉपच्या लॅबमध्ये यूएसबीवाला नेटवर्क डोंगल फिरवून इमेज टाकत असाल तर फॉगला मॅक डोंगलचा दिसतो, म्हणजे सगळे लॅपटॉप त्याच्यासाठी एकच मशीन. एकेक झालं की होस्टमधून तो मॅक काढा, नाहीतर सगळ्यांची नावं एकच होतील. सिसप्रेप, म्हणजे इमेज घेण्याआधी विंडोज सगळ्या मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, अडकला तर सिस्टम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरमध्ये पँथर आहे, त्यातला सेटअपअॅक्ट लॉग उघडा, बहुतेक वेळा स्टोअरमधून एखाद्या युजरसाठी आलेलं अॅप असतं आणि त्याचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते काढा आणि पुन्हा चालवा.

तर इंदूरमधलं कोणी अडकलं असेल तर कमेंटमध्ये विचारा, पण एवढं सोबत द्या: अडकलेल्या स्क्रीनचा पूर्ण फोटो, मशीनचं मॉडेल, बायॉस की यूईएफआय, डीएचसीपी कुठे आहे, आणि मधला स्विच साधा की मॅनेज्ड. कोडची ओळ फोटोत कापू नका. संध्याकाळी घरी आल्यावर मी एकेकाला उत्तर देते.